नेलांगचं खोटं परमिट आणि आमचे सत्तर हजार

गंगोत्रीजवळच्या भैरोंघाटीच्या चौकीवरच्या माणसानं आमचा कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, "इसमें गाड़ी का नंबर कहाँ है?"

गाडीत आम्ही पाच जण होतो. मी, माझा नवरा, सहावीतली मुलगी, सासूबाई आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णा पुढच्या सीटवर होते. काच खाली करून ते समोरच्या फाटकाकडे बघत होते. त्या फाटकापलीकडे तिबेटच्या सीमेलगतचं, परवानगीशिवाय जाता न येणारं नेलांगचं खोरं होतं आणि त्यासाठीच आम्ही सातारहून इतक्या लांब आलो होतो.

हे ऑक्टोबर २०२३ मधलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण पैसे गेल्याचं घरातल्या घरातच राहावं असं वाटायचं. आता लिहिते आहे त्याचं कारण शेवटी येईल.

अण्णा १९७९ साली मित्रांबरोबर गंगोत्रीला गेले होते. तेव्हा जाडगंगेवर पूल नव्हता. बस लंका नावाच्या ठिकाणी थांबायची, मग दरीत उतरून नदी ओलांडायची आणि पलीकडचा कडा चढून भैरोंघाटी गाठायची. पूल झाला तो १९८५ साली. त्या उताराचं वर्णन अण्णांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! खाली पांढरंशुभ्र पाणी, दोन्ही बाजूंना सरळ तासल्यासारखे कडे, आणि त्या कड्याला चिकटलेली एक मोडकी लाकडी वाट. ती वाट म्हणजे गरतांग गली. तिबेटशी व्यापार चालायचा तेव्हा लोकर आणि मीठ घेऊन माणसं तिथून ये-जा करायची. पेशावरच्या पठाणांनी ती बांधली असं सांगतात. १९६२ च्या युद्धानंतर ती बंद झाली आणि दुरुस्त होऊन ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा उघडली. ही बातमी वाचली त्या दिवसापासून अण्णांनी ध्यास घेतला. सगळा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातला. नोव्हेंबरअखेर उद्यान बंद होतं, त्यामुळे मुलीची सहामाही संपली की दसऱ्याला लागून जायचं ठरलं.

एका मराठी प्रवासी ग्रुपवर नवऱ्यानं चौकशी केली. दहा मिनिटांत एकाचा निरोप आला. "दादा, मी मूळचा कोल्हापूरचा, गेली आठ वर्षं डेहराडूनला आहे. आपल्या माणसांना मीच फिरवतो." फोनवर बोलणं इतकं घरगुती की मला "वहिनी" म्हणाला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची स्वतःहून चौकशी केली. माहितीही पक्की. सुखी टॉपची वळणं, गंगनानीचं गरम पाण्याचं कुंड, हर्षिलचा राजमा, सगळं त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "अण्णांना उंचीचा त्रास नको, म्हणून पहिली रात्र उत्तरकाशीत काढू. एकदम वर न्यायचं नाही." हा सल्ला अगदी बरोबर होता. आम्ही तिथेच विरघळलो.

हिशेब त्यानं नीट टाईप करून पाठवला. गाडी आणि मुक्काम ६०,०००. चारधाम नोंदणी माणशी ५००, म्हणजे २,५००. गरतांग गली माणशी ७००, ते ३,५००. नेलांगचं परमिट माणशी २,४००, ते १२,०००. एकूण ७८,०००. चाळीस हजार आगाऊ मागितले. यूपीआयवर पैसे पाठवताना वेगळंच नाव दिसलं. विचारल्यावर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची लिमिट संपली." त्यावर आम्ही पैसे पाठवले.

मी पतसंस्थेत काम करते. दिवसभर लोकांची कागदपत्रं तपासते, सह्या ताडून बघते. पण या माणसानं पाठवलेलं जीएसटीचं प्रमाणपत्र मी फक्त उघडून बंद केलं. घरी परतल्यावर नीट पाहिलं तेव्हा कळलं की ते वाचायला दोन मिनिटं पुरली असती. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, उत्तराखंडचे ०५. याचे होते ०७, म्हणजे दिल्ली. त्यापुढची दहा अक्षरं पॅनची असतात आणि पॅनचं चौथं अक्षर कुणाच्या नावाचं ते सांगतं. कंपनी असेल तर सी, व्यक्ती असेल तर पी. हा स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवत होता आणि तिथे पी होतं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही क्रमांक टाकून बघता येतो, लॉगिनही लागत नाही. मी टाकला. तो क्रमांक एका कापड दुकानदाराचा निघाला. त्या बिचाऱ्याला याची खबरही नसेल.

डेहराडून स्टेशनवर गाडी वेळेवर आली. पांढऱ्या पाटीची. पिवळी पाटी नाही म्हटल्यावर चालक गडबडला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. "मामाजी की गाड़ी है," म्हणाला. आम्ही आठ तासांच्या प्रवासाच्या घाईत होतो, सामान वर चढलेलं होतं, बसलो. इथे थांबायला हवं होतं. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि चारधामच्या रस्त्यांवर परिवहन खात्याचं ग्रीन कार्ड लागतं. खासगी गाडी भाड्यानं चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्या रस्त्यावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली भागीरथी असते, आणि माझी मुलगी त्या गाडीत मागच्या सीटवर झोपली होती. पैशांपेक्षा हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

उत्तरकाशीचं हॉटेल खरं होतं. खोल्या स्वच्छ, आमच्या नावानं राखलेल्या. चारधामची नोंदणीही खरी होती, क्यूआर कोड लागत होता. (ही नोंदणी तेव्हा सरकार फुकट करून देत होतं. त्याचे आम्ही अडीच हजार मोजले.) रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "दादा, नेलांगचा परवाचा कोटा संपत आलाय. बाकीचे आत्ता टाकलेत तर आज रात्रीच परमिट काढतो." पहिली रात्र सांगितल्याप्रमाणे पार पडली होती, म्हणून दुसऱ्या रात्रीचीही खात्री वाटली. नवऱ्यानं तीस हजार पाठवले. चाळीस मिनिटांत पीडीएफ आली. राजमुद्रा, गोल शिक्का, आमची पाचही नावं, तारीख.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षिलला पोचलो, तर तिथल्या हॉटेलात आमचं नावच नव्हतं. मालकानं रजिस्टर आमच्यापुढे ठेवलं. त्या कोल्हापूरच्या माणसाचा फोन लागेना. तरी आम्ही स्वतःला समजावलं की डोंगरात रेंज नसते, उद्या लागेल. मन किती सोयीनं विचार करतं! हॉटेलवाल्यानंच नदीपलीकडच्या बगोरी गावात एका बाईंच्या घरी आमची सोय लावून दिली.

आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी ती चौकी.

चौकीवरच्या माणसानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. "ये देखिए," म्हणाला. तारखेतला दोनाचा आकडा बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड होता आणि ओळीच्या किंचित वर बसला होता. गाडी क्रमांकापुढे नुसती टिंबं. त्यानं सांगितलं की नेलांगला ठरावीक गाड्याच सोडतात, परवानगीत गाडीचा क्रमांक असतोच, आणि परवानगी प्रशासन आणि वनखात्याकडूनच मिळते, कुणी दलाल ती काढून देत नाही. रागावला नाही. उलट म्हणाला, या मोसमात असा कागद घेऊन आलेले तुम्ही पहिले नाही.

अण्णांनी काहीच विचारलं नाही. ते गाडीतून उतरले आणि पुलाकडे चालत गेले. कठड्यावर हात ठेवून बराच वेळ खाली जाडगंगेकडे बघत उभे राहिले. मी मागे जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "इथूनच उतरलो होतो आम्ही. ती बघ, ती वाट होती." मला तिथे काहीच दिसत नव्हतं, नुसता कडा होता. मी "हो" म्हटलं.

गरतांग गली मात्र पाहिली. तिकीट तिथेच मिळालं आणि त्याची किंमत माणशी सातशेच्या जवळपासही नव्हती. पुलापासून दोनेक किलोमीटर डोंगराच्या कडेनं चालत जायचं. मग एकदम कडा पुढे येतो आणि त्याच्या पोटातून देवदारच्या फळ्यांचा जिना निघतो. अकरा हजार फुटांवर, जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील इतका. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं. अण्णा पूर्ण चालले, सासूबाई अलीकडेच बसून राहिल्या. जे बघायला आलो त्यातलं तेवढंच एक आम्हाला मिळालं, आणि तेही त्यानं दिलेलं नव्हतं.

संध्याकाळी चालक रडवेला होऊन आला. त्याला फक्त चार हजार आणि एकदा डिझेल एवढंच मिळालं होतं, बाकीचे "पार्टी देईल" असं सांगितलं होतं. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. परतीचे पैसे आम्ही त्याला वेगळे दिले.

बगोरीच्या त्या बाई नेलांग खोऱ्यातल्या जाड नावाच्या समाजाच्या. १९६२ साली नेलांग आणि जादुंगची गावं रिकामी केली तेव्हा त्यांच्या सासूबाई अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे आल्या. चुलीपुढे लोकर कातत त्यांनी आमची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "बेटी, वो हमारा अपना गाँव है. पूजा के लिए जाना हो तो हम भी परमिशन लेते हैं. तुमको कोई फ़ोन पर कैसे दे देगा?" त्यांनी सहज विचारलेला हा प्रश्न आम्ही चौघा मोठ्या माणसांपैकी एकानंही सातारला स्वतःला विचारला नव्हता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आम्ही फोन केला तो चौथ्या दिवशी, उत्तरकाशीत परत आल्यावर. ही आमची सगळ्यात मोठी चूक. बगोरीत रेंज ये-जा करत होती, पण मुळात "अजून एकदा त्याला लावून बघू" यातच दोन दिवस गेले. पैसे गेल्यावर पहिले काही तास हाच खरा वेळ असतो, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असते. लवकर कळवलं तर ती मधेच गोठवता येते. हर्षिलच्या हॉटेलात नाव नाही हे कळलं त्याच मिनिटाला, म्हणजे तीस हजार पाठवल्याला सोळा-सतरा तास झाले होते तेव्हा, फोन करायला हवा होता. आमच्या दुसऱ्या हप्त्यातले ११,४०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. घरी आल्यावर सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रार दिली. व्यवहारांचे स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा, चॅट सगळं जोडलं. ते ११,४०० न्यायालयाच्या आदेशानं परत मिळायला सात महिने लागले. बाकीचे गेले. खातं ज्या बाईच्या नावानं होतं, तिनं ते महिन्याला दोन हजारांवर कुणाला तरी वापरायला दिलं होतं, असं तपासात निघालं.

पुढे २०२५ च्या ५ ऑगस्टला खीरगंगा नदीच्या लोंढ्यानं हर्षिलजवळचं धराली गाव गाडलं गेलं. जाताना आम्ही तिथे चहा प्यालो होतो. बगोरीला दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी बाईंचा आवाज ऐकला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांचा भाचा मित्रांबरोबर गाडीनं गंगोत्री आणि नेलांगला निघणार होता. "तुम्ही जाऊन आलात ना, जरा हे बघता का?" म्हणून त्यांनी भाच्याला आलेलं परमिट फोनवर दाखवलं. कंपनीचं नाव नवीन होतं. फोन नंबर नवीन. पण बोलणारा कोल्हापूरचाच. मी कपाटातून आमचा कागद काढला. तो मी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला आहे. दोन्ही शेजारी ठेवले. तोच गोल शिक्का, तोच डावीकडे कललेला. वरचा परवाना क्रमांकसुद्धा तोच, शेवटचे चार आकडे धरून. तारखेतला एक आकडा जाड. गाडी क्रमांकापुढे टिंबं.

भाच्यानं पंधरा हजार त्याच दुपारी पाठवले होते. काकूंना तिथेच सोफ्यावर बसवलं आणि भाच्याला फोन लावून सांगितलं, आधी १९३० लाव, बाकीचं मग बोलू.