एसीचा रिमोट ऑफिसात होता

मालवणच्या एका रिसॉर्टचं पॅकेज, माणशी १,९९९ रुपये, दोन रात्री. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मे महिन्याच्या शेवटी ते पोस्टर आलं आणि मी ते लगेच जाऊबाईंना पुढं पाठवलं. मूर्खपणाला सुरुवात तिथूनच झाली, त्यामुळं दोष आधी माझा.

पोस्टरवर निळ्या रंगाचा लाकडी झोपाळा, वर नीरफणसाचं झाड, मागं समुद्र. खाली ठळक अक्षरांत: सी व्ह्यू एसी रूम, नाश्ता-जेवण, अनलिमिटेड ताजे मासे, डॉल्फिन सफारी, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, सगळं धरून. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या पैशात आपल्याकडं लॉजवर पण कोण ठेवून घेत नाही." त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. खरं तर तो इशारा होता, कुणाच्या लक्षात आला नाही.

आम्ही पाच मोठे, तीन मुलं. पाच वर्षांवरच्या मुलाचं पूर्ण तिकीट, म्हणजे आठ जणांचे १५,९९२. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरलं. निम्मे पैसे यूपीआयनं आगाऊ पाठवले. पाठवताना स्क्रीनवर रिसॉर्टचं नाव यायच्या ऐवजी भलत्याच एका माणसाचं नाव आलं. नवऱ्यानं विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, ते आमचे पार्टनर आहेत." पार्टनर म्हटल्यावर आपण गप्प बसतो. का बसतो, देव जाणे.

भाड्याची क्रूझर करून सांगलीहून पहाटे निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. घाटात धुकं आणि पाऊस, मुलं खूश. कणकवलीत मिसळ खाल्ली. कसालवरून मालवणच्या रस्त्याला लागलो, आणि रिसॉर्टवाल्यानं पाठवलेल्या लोकेशनवर मालवण यायच्या आधीच, नऊ किलोमीटर अलीकडं, गाडी आत वळायला सांगितली. काजूची बाग, तिच्यात पत्र्याची शेड घातलेली दुमजली इमारत. समुद्र? "गच्चीवर गेलं की दिसतो ना, मॅडम." गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागं ढग दिसत होते.

परत फिरावं असं दोन मिनिटं वाटलं. पण सासूबाईंचे गुडघे, मुलांची भूक, बाहेर धो धो पाऊस, आणि आठ हजार आधीच त्याच्या खिशात. त्याचं सगळं गणित याच क्षणावर बेतलेलं असतं. दमलेलं कुटुंब दारात उभं राहिलं की ते परत जात नाही. उरलेले पैसे त्यानं किल्ली द्यायच्या आधी रोख घेतले, वर दोन हजार अनामत. पावती मागितली, तर "निघताना एकदमच देतो."

रूममध्ये एसी होता. खोटं नव्हतंच. रिमोट मात्र नव्हता. रिमोट ऑफिसात, रूममागे रात्रीला ५०० रुपये भरून मिळणार. तीन रूम, दोन रात्री, ३,००० रुपये. एका रूममध्ये दोनच माणसं धरलेली, म्हणून दोन जादा गाद्या, गादीला रात्रीचे ३००, म्हणजे आणखी १,२००. मी पोस्टर काढून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, 'एसी रूम' लिहिलंय. एसी चालू असं कुठं लिहिलंय?" इतकं धडधडीत उत्तर ऐकलं की माणसाला चिडायलाही वेळ लागतो.

जेवणात अनलिमिटेड होता तो भात, आणि हळदीच्या पाण्यासारखी आमटी. ताज्या माशाच्या नावानं प्रत्येकाला बांगड्याचा एक तुकडा, तोही वास मारणारा. सुरमई हवी असेल तर प्लेट ३५०. सासूबाईंना सुरमईच खायची होती, बिचाऱ्या वर्षभर बोलत होत्या. चार प्लेट घेतल्या, १,४०० रुपये.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिनचं विचारलं. "वातावरण खराब आहे, आज नाही. निसर्गापुढं आपण काय करणार?" आणि पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं: हवामानानुसार बदल होऊ शकतो, पैसे परत मिळणार नाहीत. आम्हाला पटलं. पाऊस तर समोर दिसतच होता.

मग आपलं आपणच बघू म्हणून मालवणच्या धक्क्यावर गेलो. किल्ल्याच्या होड्या बंद. तिथून देवबागपर्यंत गेलो, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. एका घराबाहेर 'चहा, सोलकढी' अशी पाटी होती. पडवीत बसलो. घरातल्या काकूंनी चहा दिला आणि मी सहज विचारलं, उद्या पाऊस थांबला तर डॉल्फिन दिसतील का. त्या हसायलाच लागल्या. "आता खयचे डॉल्फिन गो बाय!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. हे आजच्या उद्याच्या पावसाचं नाहीच. मे संपता संपता किल्ल्याची होडी, स्कूबा, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग, सगळं दरवर्षी बंद होतं, ते ऑगस्ट संपल्यावर उघडतं. ऊन पडलं तरी बंद. मासेमारीचंही तेच. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी, जुलै संपेपर्यंत तरी. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. वल्ह्याच्या छोट्या होड्यांना आणि खाडीत जाळं टाकायला मोकळीक असते, तेवढे मासे मिळतात. "सुरमय खाल्लास ती बर्फातली," काकू म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तेव्हा मला त्या पोस्टरचा उलगडा झाला. १,९९९ मध्ये एवढं सगळं कसं परवडतं, याचा मी विचारच केला नव्हता. जे द्यायचंच नाही ते कितीही द्यायला परवडतं. जूनच्या तारखा मी सांगितल्या तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं की होडी सुटणार नाही. 'हवामानानुसार' हा शब्द त्यानं ठरलेल्या बंदीवर पांघरूण म्हणून घातला होता.

एवढ्यात धाकटी शेजारच्या अंगणाकडं बोट दाखवून ओरडली, "आई, तो झोपाळा!" निळा झोपाळा, वर नीरफणस, मागं समुद्र. ते घर काकूंच्या दिरांचं. त्यांच्याकडं दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. आपला फोटो मालवणच्या नऊ किलोमीटर अलीकडं काजूच्या बागेत विकला जातोय, हे त्यांना आमच्याकडूनच कळलं.

मी हट्टानं त्यांचा दर विचारला. पावसाळ्यात खोली १,५००, चौघं झोपा नाहीतर दोघं, एसी चालवा नाहीतर पंखा. जेवणाचं ताट २५०. तीन खोल्या दोन रात्री ९,०००, आठ जणांची चार जेवणं ८,०००, एकूण १७,०००. आमची बेरीज निघाली २१,५९२, आणि निघताना टॉवेलला डाग पडला म्हणून अनामतीतले ७०० कापले ते धरून २२,२९२. म्हणजे माणशी पावणेतीन हजारांच्या वर. स्वस्त म्हणून गेलो होतो! शिवाय माणशी दर म्हटलं की सात वर्षांच्या पोराचेही पूर्ण पैसे जातात. खोलीचा दर विचारला असता तर पहिल्याच फोनवर फरक कळला असता.

पावती शेवटपर्यंत मिळाली नाही. "प्रिंटर बंद आहे."

घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली. पोस्टर, यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, गच्चीवरच्या टाकीचा फोटो, सगळं जपून ठेवलं होतं. जाऊबाई म्हणाल्या की केस करायची तर सिंधुदुर्गला हेलपाटे कोण घालणार. त्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. हे मला आधी ठाऊक असतं तर त्या ऑफिसात उभं राहून मी जरा वेगळ्या आवाजात बोलले असते.

आता मी कुठंही विचारताना पहिल्यांदा महिना सांगते आणि विचारते, त्या महिन्यात होड्या चालू असतात का? मग तोच प्रश्न रिसॉर्टशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, धक्क्यावर होडी असलेल्याला नाहीतर गावातल्या खानावळीला. खोलीतून व्हिडिओ कॉल करायला सांगते, खिडकी उघडून, कॅमेरा न थांबवता. सी व्ह्यूवाल्यांचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. गावाचं नाव विचारते, 'तारकर्लीजवळ' म्हटलं की किती किलोमीटर ते विचारते. आणि हो, रिमोट. लोक हसतात, हसू देत.

रिसॉर्टवाल्याला नोटीस पाठवली, आणि दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, ग्रुपवर टाकलंय ते काढा, दोन हजार परत करतो." मी म्हटलं, आधी दिलेल्या सगळ्या पैशांची पावती पाठवा, मग बोलू. त्याला आता तीन आठवडे झाले. प्रिंटर अजून बंद असावा.