आखडलेला खांदा आणि फिजिओथेरपी सेंटर: चार तारे

‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत, फक्त त्यांना त्याचा पत्ता नाही. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं आणि हात वर जायचा बंद होतो. चाळिशी ते साठीच्या लोकांना, त्यातही बायकांना आणि मधुमेह्यांना जास्त. मी दोन्हींत बसते. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट मस्तकात.

सेंटर स्वच्छ आहे. दिलेली वेळ मात्र पाळत नाहीत आणि गाणी उगाच मोठ्यानं लावतात, म्हणून एक तारा कापलाय.

बाकीचे चारही तारे माझ्या थेरपिस्ट मुलीचे. आधी शेक, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मग पुली. शेवटी ती स्वतः हात धरून ताणते. “काकू, थोडंसंच दुखेल हं.” साफ खोटं! डोळ्यांतून पाणी येतं. पण ताणलेला हात ती कधी झटकन सोडत नाही. कोपराखाली तळवा धरून, हाताचं सगळं वजन स्वतः पेलत, सावकाश खाली आणते. त्या वेळी नुसतं दुखायचं थांबतं असं नाही. अंग सैल पडतं आणि चक्क हसू येतं. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली असंच काहीसं मांडलं होतं: तीव्र भावनेच्या पाठोपाठ तिच्या उलट भावना येते, आणि तोच अनुभव वारंवार आला की पहिली बोथट होते, मागून येणारी जोर धरते. माझा खांदा त्यांच्या बाजूनं साक्ष देईल.

हात पहिल्यांदा डोक्यामागे पोचला तेव्हा केसांना क्लिप लावली, काढली, परत लावली. कोणी बघत नव्हतं म्हणून बरं. आता हात पूर्ण वर जातो आणि क्लिप लावताना काही म्हणजे काही वाटत नाही. तशी तक्रारही केली मी. ती म्हणाली, “दुसरा खांदा आहे की अजून!”

हा निव्वळ विनोद नाही. काहींना पुढे दुसऱ्या बाजूलाही होतं, तेव्हा साखर सांभाळा. आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्या, गाणी सुरू व्हायच्या आत सुटका होते.