वारली-गोंड जोडीने काम करायचंय? प्रवासाचे पैसे कुठून घ्यावेत

डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रकाराला मध्य प्रदेशात, दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढला जाऊन परधान गोंड चित्रकारासोबत पंधरा दिवस काम करायचं आहे, असं धरून चालू. त्यासाठी पैसे देणारी तीन-चार दारं आहेत. रक्कम बघण्याआधी एक बघा: तारखा आणि जोडीदार कोण ठरवतं?

संस्कृती मंत्रालयाच्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या कार्यक्रमात, म्हणजे बहुधा शिबिरात, दोन्ही गोष्टी ते केंद्र ठरवतं. प्रवास, राहणं-जेवण आणि मानधन मिळतं. प्रकल्प लिहावा लागत नाही, कलावंत म्हणून नोंदणी आणि कामाचे चांगले फोटो लागतात. महाराष्ट्र नागपूर आणि उदयपूर अशा दोन्ही केंद्रांत येतो, पण मध्य प्रदेश उदयपूरच्या केंद्रात नाही. म्हणून गोंड किंवा झाबुआकडच्या भिल्ल कलावंतासोबतचं काम असेल तर नागपूरला बोला. गुजरातेतल्या छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींसोबत पिठोऱ्यावर, म्हणजे त्यांच्या भित्तिचित्रांवर, काम करायचं असेल तर उदयपूर. चुकीच्या केंद्राकडे गेलेला अर्ज कुणी फेटाळतही नाही, तो नुसता पडून राहतो. शिबिरात ओळखी होतात, एखादं चित्र होतं. सलग काम होत नाही, कारण अर्धा दिवस प्रेक्षकांत आणि उद्घाटनात जातो.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या वरिष्ठ-कनिष्ठ अधिछात्रवृत्तीत (फेलोशिप) तारखा तुमच्या हातात असतात. कनिष्ठ (२५ ते ४० वर्षं) महिना १०,००० रुपये, वरिष्ठ (४० च्या पुढे) महिना २०,०००, मुदत दोन वर्षं. म्हणजे एकूण २.४० लाख किंवा ४.८० लाख. पैसे दरमहा येत नाहीत. सहा-सहा महिन्यांचे चार हप्ते असतात. अहवाल रखडला की पुढचा हप्ता रखडतो. ज्या वर्षाची अधिछात्रवृत्ती, त्याच वर्षी निकाल लागेल असंही धरू नका. प्रवास वेगळा मिळत नाही, यातूनच भागवायचा.

इथे नेहमी होणारी फजिती बँकेत होते. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्यात’ शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही (सरकारी अनुदान जमा होताना ही मर्यादा धरत नाहीत), वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. कनिष्ठचा पहिलाच हप्ता ६०,००० चा. तो जमा झाला तरी अशा खात्यातून महिन्याला १०,००० च्याच हिशेबाने निघतो. अर्जाआधी पूर्ण केवायसी करून घ्या, आणि आधार, पॅन व पासबुकावरचं नाव अक्षरशः एक आहे ना ते पाहा. आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. पॅन नसेल तर मानधनातून करकपात २० टक्क्यांपर्यंत जाते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. अधिछात्रवृत्ती एकाच्या नावावर असते. पाहुणा पैसे घेऊन येतो आणि यजमानाचं घर पंधरा दिवस त्याला जेवू घालतं. नंतर अहवालात त्या घराचं नाव ‘सहकार्य’ या एका शब्दात संपतं.

म्हणून जोडीदार आधीच ठरलेला असेल तर कलाप्रकल्पांना अनुदान देणाऱ्या बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे (आयएफए) जावं, असं आमचं मत. अर्ज मराठीतही करता येतो. खर्चाचा तक्ता तुम्हीच मांडता, त्यामुळे दुसऱ्या कलावंताचं मानधनही त्यात लिहिता येतं. ते लिहाच. यजमान घराला दिवसाला ५०० धरले तर पंधरा दिवसांचे ७,५०० होतात. परतभेट विसरू नका: गोंड कलावंत डहाणूला येणार नसेल तर ते एकतर्फी शिकणं झालं. प्रवास मुंबई-जबलपूर रेल्वेने, पुढे दिंडोरीमार्गे बस. चित्रं गुंडाळून न्यायच्या नळ्यांचा खर्चही धरा. मात्र इथे ‘कला जपायची आहे’ एवढं पुरत नाही. दोघांनी एका कागदावर बसून नेमका कोणता प्रश्न सोडवायचा, हे सांगावं लागतं. उदाहरणार्थ, गेरूवरची तांदळाच्या पिठाची पांढरी आकृती आणि गोंडांची ठिपक्या-रेषांनी भरलेली रंगीत आकृती एकाच चित्रात कशा नांदतील?

टाटा स्टील फाउंडेशनची संवाद फेलोशिप खास आदिवासींसाठीच आहे, पण तिचा रोख लोप पावत चाललेला सांस्कृतिक ठेवा जपण्यावर आहे. आजीला येणारी चौकाची गाणी (लग्नात भिंतीवर चौक काढताना म्हणतात ती) नोंदवायची असतील तर ती उत्तम. जोडीने चित्र काढायला नव्हे. जमशेदपूरला नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या ‘संवाद’ मेळाव्यात जोडीदार मात्र भेटू शकतो.

तारखा ठरवताना भाताची लावणी-कापणी आणि तिकडचा मार्च-एप्रिलमधला मोहाचा हंगाम टाळा. डिसेंबर-जानेवारी दोघांनाही सोयीचे.

निघण्याआधी एक पानभर करार करा, मराठी आणि हिंदीत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, पण ते नावाचं संरक्षण करतं, तुमच्या एका चित्राचं नाही. दोघांचे हात वेगळे काढता येणार नाहीत अशा चित्राचा कॉपीराइट दोघांचा मिळून असतो. विक्रीचा वाटा, मूळ चित्र कुणाकडे राहणार आणि छापायची परवानगी कोण देणार, एवढं त्यात लिहा.