सव्वाचार मिनिटांची स्तब्धता : मायलनच्या १९५४ च्या अंतिम सामन्याचे चित्रण

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या, अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने २० मार्च १९५४ रोजी बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० असे नमवून बास्केटबॉलचे राज्य अजिंक्यपद पटकावले, त्या सामन्याचे कृष्णधवल चित्रण आजही पाहायला मिळते. चित्र धूसर आहे, खेळाडूंचे चेहरे नीट ओळखू येत नाहीत आणि वेगवान खेळाला सरावलेल्या प्रेक्षकाला पूर्वार्ध संथ वाटेल. मात्र चौथ्या सत्रात, संघ दोन गुणांनी मागे असतानाही, प्रशिक्षक मार्विन वूड यांच्या डावपेचानुसार बॉबी प्लंप हातात चेंडू धरून चार मिनिटांहून अधिक काळ जवळजवळ निश्चल उभा राहतो, तो भाग अजिबात चुकवू नये. ठरावीक सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन तेव्हा नव्हते; आज हा प्रकार कोणी खपवून घेणार नाही! पुढे ३०-३० अशी बरोबरी झाल्यावर, अखेरच्या क्षणी तोच प्लंप उजवीकडे मुसंडी मारतो, एकाएकी थबकतो आणि उडी घेऊन चेंडू फेकतो. नुसते ठळक क्षण पाहणाऱ्यांना त्या फेकीमागचा ताण कळणार नाही, म्हणून निदान शेवटचे सत्र तरी सलग पाहावे.