सोनं घ्यावं की चांदी? आधी मोडीचा हिशेब करा

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया. या दिवसांत नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो: आज भाव काय? दागिना हौसेने घालायचा असेल तर तेवढा प्रश्न पुरे. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर आणखी एक प्रश्न विचारा, आणि तो स्पष्ट विचारा: आज घेतलेली वस्तू आज संध्याकाळीच तुमच्याकडे परत आणून मोडली तर हातात किती पडतील?

सोनं की चांदी, दागिना की शिक्का, दुकान कोणतं, या सगळ्याचा निकाल माझ्या मते याच प्रश्नात आहे. म्हणून तुलना इथूनच सुरू करू.

तोळाभर सोन्याचे दोन हिशेब

आजचा भाव बाजूला ठेवा. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून २४ कॅरेट सोनं १ लाख रुपये तोळा, म्हणजे १० ग्रॅमला १ लाख, असं धरू.

पहिला हिशेब २२ कॅरेटच्या बांगडीचा. १० ग्रॅमचे ९१,६०० रुपये झाले. त्यावर घडणावळ १२ टक्के धरली तर १०,९९२. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. बिल साधारण १,०५,६७० रुपयांचं. तीच बांगडी मोडायला नेली की घडणावळ गेली, जीएसटी गेला, आणि घट म्हणून दुकानदाराने २ टक्के कापले तर हातात ८९,७६८ येतात. म्हणजे जवळपास १५ टक्के रक्कम पहिल्याच दिवशी गेली. बारीक नक्षीच्या किंवा खड्यांच्या कामाला घडणावळ याहून बरीच जास्त लागते, आणि खड्यांना मोडीत बहुतेक वेळा काहीच किंमत येत नाही.

दुसरा हिशेब २४ कॅरेटच्या शिक्क्याचा किंवा साध्या वेढणीचा. घडणावळ २ टक्के धरली तर १,०२,००० आणि वर जीएसटी, म्हणजे १,०५,०६०. परत विकताना दीड टक्का कापला तरी ९८,५०० मिळतात. नुकसान सव्वासहा टक्क्यांच्या आत.

दोन्हीकडे खिशातून जवळपास सारखीच रक्कम गेली, पण परत येणाऱ्या रकमेत पावणेनऊ हजारांचा फरक पडला. बांगडीच्या बाबतीत भाव १७-१८ टक्के वाढेपर्यंत तुम्ही मुद्दलातसुद्धा येत नाही. शिक्क्याला सात टक्के पुरतात.

बँकेतून शिक्का घेण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: बँका सोन्याचे शिक्के विकतात, परत घेत नाहीत. पाकीट सीलबंद असो, प्रमाणपत्र सोबत असो, विकायला शेवटी सराफाकडेच जावं लागतं. म्हणून जिथे मोडायचं, शक्यतो तिथूनच घ्या. दुसऱ्याकडचा शिक्का पूर्ण भावाने घेता का, हे खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवा.

चांदीत वीट एक, तोरड्या वेगळ्या

चांदीचा भाव किलोवर चालतो आणि गुंतवणुकीची चांदी म्हणजे वीट किंवा मोठं बिस्कीट. विटेवर घडणावळ नाममात्र असते. ३ टक्के जीएसटी इथेही आहे आणि तो परत मिळत नाही. विकताना दोन ते चार टक्के कापले गेले तरी एकूण नुकसान सोन्याच्या शिक्क्याच्या आसपासच राहतं. मोडीच्या हिशेबात किलोची वीट पास होते.

दिवाळीत भेट म्हणून घेतला जाणारा १० ग्रॅमचा लक्ष्मीचा शिक्का मात्र या हिशेबात बसत नाही. एवढ्याशा चांदीवर छाप आणि डबी यांचा खर्च प्रमाणाबाहेर चढतो. ताट-वाट्या, समई, पैंजण, तोरड्या यांचं तर आणखी अवघड. चोख चांदी मऊ असते, म्हणून त्यात दुसरा धातू मिसळावाच लागतो, आणि जोडकामाला टाका, म्हणजे जोडणारा मिश्र धातू, लागतो. मोडताना सराफ टंच, म्हणजे शुद्धता, काढतो, टाक्याची घट धरतो. घेताना पूर्ण चांदीच्या भावाने घेतलेलं ताट मोडीत बरंच हलकं निघालं, की घरात वाद होतात. लग्नात द्यायला, देवघरात ठेवायला ही भांडी जरूर घ्या. त्यांना गुंतवणुकीच्या वहीत जागा देऊ नका.

विदर्भात चांदीचं नाव निघालं की खामगाव आठवतं. तिथली चांदी चोख म्हणून लोक मुद्दाम तिकडे जातात. तो विश्वास पिढ्यांचा आहे. तरीही बिलावर शुद्धतेचा आकडा लिहून घ्या. तुमची वस्तू वीस वर्षांनी नागपुरातल्या अनोळखी काउंटरवर मोडली जाईल, तेव्हा तिथे कागदच बोलेल.

अडीनडीला कोण धावून येतं

इथे सोनं चांदीच्या बरंच पुढे आहे. आपल्याकडे कापूस-सोयाबीनचे पैसे आले की डाग, म्हणजे दागिना, घडवायचा आणि मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी तोच गहाण ठेवायचा, हे घराघरांत चालत आलं आहे. शहरातही फी भरायला, दवाखान्याला, दुकानात माल भरायला सोनेतारण कर्ज सगळ्यांत लवकर मिळतं.

पण कोणत्या सोन्यावर? रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार दागिने आणि शिक्के तारण चालतात. बिस्कीट, लगड, वीट चालत नाही. शिक्क्यांनाही मर्यादा आहे: सोन्याचे ५० ग्रॅमपर्यंत, चांदीचे ५०० ग्रॅमपर्यंत. दागिन्यांची मर्यादा सोन्यासाठी १ किलो, चांदीसाठी १० किलो. घरगुती गरजेच्या कर्जात अडीच लाखांपर्यंत तारणाच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या चांदीच्या विटेला मोडीत कमी फटका बसतो, तिच्यावर बँक कर्ज देत नाही. गरज पडली तर ती विकावीच लागते, भाव पडलेला असला तरी. ज्याच्या घरी उत्पन्न हंगामी आहे, धंदा वर-खाली होतो, त्याने पहिले पाच तोळे शिक्क्यांत किंवा साध्या, खडे नसलेल्या दागिन्यांतच ठेवावेत. चांदीचा विचार त्यानंतर.

भाव: चांदीची उडी आणि चांदीची आपटी

चांदी स्वस्त आहे, म्हणून जास्त वाढेल, असं बरेच जण मानतात. ग्रॅमचा भाव कमी आहे एवढंच खरं. वाढ आणि घसरण त्या आकड्यावर ठरत नाही.

चांदीची निम्म्याहून जास्त मागणी उद्योगांतून येते: सौर पॅनल, इलेक्ट्रॉनिक्स, विजेची उपकरणं. आणि खाणीतून येणारी बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांबं काढताना सोबत निघते. त्यामुळे भाव वाढला म्हणून लगेच जास्त चांदी काढता येत नाही. मागणी वाढली की भाव भडकतो, कारखाने थंडावले की कोसळतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या धक्क्याने जगाच्या बाजारात एक औंस सोन्याला १२० औंसांहून जास्त चांदी येत होती. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत चांदी दुपटीहून वर गेली.

दुसरी बाजूही पाहा. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि कोसळली. एप्रिल २०११ मध्ये पुन्हा तिथपर्यंत पोहोचली, मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आपटली. ५० डॉलरची पायरी तिने ओलांडली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. रुपया घसरत गेल्याने आपल्याकडे वाट थोडी कमी पाहावी लागली, तरी २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांच्या वर घेतलेल्याला तो भाव परत दिसायला २०२० उजाडलं. नऊ वर्षं. तेवढ्यात मुलगी दहावीची पदवीधर होऊन नोकरीला लागते.

सोनंही झोपतं. २०१२-१३ चा रुपयातला भाव कायमचा मागे पडायला २०१९ लागलं. पण त्याचे हेलकावे कमी असतात, कारण त्याच्यामागे दागिन्यांची मागणी आहे आणि रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँकांची खरेदीही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं.

आपला भाव दिल्लीतही ठरतो, हेही विसरू नका. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि सोनं-चांदी दोन्ही त्याच दिवशी धाडकन उतरले. आदल्या दिवशी एकरकमी घेतलेल्याला ते फार लागलं. म्हणून एकाच मुहूर्तावर सगळे पैसे ओतू नयेत, वर्षभरात चार-पाच वेळा विभागून घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. मुहूर्तावर घडणावळीत सूट मिळते, ती जरूर घ्या. शिक्क्यावर मुळात घडणावळच थोडी, तिथे सवलतीचा फायदाही थोडाच.

ठेवायचं कुठे

आपल्या उदाहरणातला तोळा अर्धा घन सेंटिमीटर जागा घेतो. चांदीही उदाहरणापुरती १ लाख रुपये किलो धरली तर १ लाखाची चांदी मोठ्या मोबाइलएवढी होते आणि भरते किलोभर. दहा लाखांचं सोनं मुठीत मावतं, दहा लाखांची चांदी दहा किलोची पिशवी असते. चांदीचा भाव चढला की हे अंतर कमी होतं, पण मिटत नाही.

लॉकर छोटा असेल तर विटांनीच भरतो. आणि लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. त्याहून जास्त किमतीचा माल ठेवत असाल तर वेगळा विमा बघा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर बँड लावून किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात बांधून घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. काळी पडली तरी वजनाला फरक पडत नाही, पण जोरजोरात घासलीत तर पडतो.

काउंटरवर काय बघायचं

सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक दुकानातच उभं राहून बीआयएस केअर अॅपवर टाका. वस्तूचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा. बांगडी हातात आणि अॅपवर अंगठी, असं दिसलं तर तिथूनच परत फिरा. हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांदीला हॉलमार्क आहे, पण सोन्यासारखी सक्ती नाही. म्हणून चांदीत दुकानाची निवड आणि बिल यांना जास्त वजन द्या.

आजीचा जुना, बिनाहॉलमार्कचा गोफ मोडायला नेता तेव्हा सराफ आधी मशीनखाली धरतो. ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं. आत टाका किती, पोकळीत लाख किती, हे वितळवल्यावरच कळतं. म्हणून मुशीत टाकण्याआधीचं वजन आणि लगड झाल्यावरचं वजन, दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर काट्यावर व्हायला हवं. आत नेऊन वितळवतो म्हणाले तर मागोमाग जा. चांगला सराफ स्वतःच बोलावतो.

मग कोणी काय घ्यावं

मुलीचं लग्न पाच-सात वर्षांवर आहे आणि दागिने करायचेच आहेत, तर आधी शिक्के घेऊन नंतर दागिने घडवण्यात जीएसटी दोनदा जातो. पाटल्या, साधा गोफ असे जुने न होणारे दागिने एकेक करून आताच घ्या. नवीन घडणीचा हार मात्र तिच्या पसंतीने, लग्नाच्या वर्षीच.

दागिन्यांशी संबंध नाही, निव्वळ बचत करायची आहे, तर २४ कॅरेटचे ५ आणि १० ग्रॅमचे शिक्के. एकच मोठं बिस्कीट घेऊ नका. थोडे पैसे लागले तर एखादा शिक्का विकता येतो, बिस्किटाचा तुकडा पाडत बसावं लागत नाही.

दहा वर्षं हात लावायची गरज नाही, भाव अर्ध्यावर आला तरी झोप लागते, तर एकूण धातूच्या रकमेतला पाचवा हिस्सा चांदीच्या विटांत ठेवायला माझी हरकत नाही. पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त मी कोणालाही सुचवणार नाही. मोठी चांदी खरोखरच हवी असेल आणि डीमॅट खातं असेल, तर सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे चांदीचे फंड, बघा. काळी पडत नाही, लॉकर लागत नाही. अॅपवरच्या डिजिटल सोन्यापासून दूर राहा. ते सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, देखरेखीत येत नाही, हे सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

बिलाशिवाय घेऊ नका, भाव कितीही कमी सांगितला तरी. दोन लाखांच्या वर पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकलं तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. नफा किती हे खरेदीच्या बिलावरूनच ठरतं. थर्मल कागदावरची छपाई दोन उन्हाळ्यांत पुसट होते, तेव्हा घरी आल्यावर लगेच बिलाचा फोटो काढा, आणि त्याची एक प्रत लॉकरच्या नॉमिनीकडेही असू द्या.