दिमोनातलं इंडियन किराणा दुकान: मलिद्याचे पोहे इथेच घ्या

इस्रायलमधल्या दिमोना गावच्या बाजाराजवळ आपल्या इंडियन किराण्याचं छोटं दुकान आहे, तिथे मी चार वर्षं सामान घेतोय. जाडे पोहे एक नंबर! मलिद्याला (आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या ज्यूंचा, देवाचे आभार मानायचा पोह्यांचा गोड पदार्थ) जाडेच घ्या, पातळ भिजवले की गोळा होतो. किसलेलं फ्रोजन खोबरं मिळतं, कोकम मिळतं, रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, चिकाच्या हलव्यासाठी चायनाग्रासपण असतो. एकदा वेलची जुनी निघाली, बिलकुल वास नव्हता, परत नेली तर कटकट न करता बदलून दिली.

आम्ही १९६२ ला मुंबईहून आलो तेव्हा मी सात वर्षांचा, आणि इथे पोहे कुठले मिळायला. कोणी नातेवाईक आला की पिशवीतून किलोभर आणायचा, आजोबा ते फक्त मलिद्यासाठी ठेवायचे. त्यांना हिब्रू येत नव्हतं, म्हणून दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे मला बोट धरून न्यायचे आणि मी त्यांचा दुभाष्या, डॉक्टर काय म्हणाला ते मी मराठीत सांगायचो आणि ते "बराय" म्हणून माझं डोकं कुरवाळायचे. तेव्हा लग्नाच्या वेळी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या ज्यू असण्यावरच शंका घ्यायचे, मोठी आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये सरकारने बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत असं जाहीर केलं तेव्हा आजोबांनी घरी मलिदा करायला लावला. परातीत पोहे पसरून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक तूस नखाने काढत बसले होते, माझ्या वाटणीला परातीची अर्धी बाजू. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाहूचा, टापा (खुणेची जागा) आहे, तिथे त्याचा रथ उतरला होता, ही गोष्ट मी त्यांच्याकडून तेव्हाच ऐकली. मग पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणून झाल्यावर पहिला खजूर माझ्या हातात.

गेल्या महिन्यात नातू सैन्यातून सुट्टीवर आला तेव्हा मलिदा केला, हे पोहे वापरले. तो हिब्रूतच बोलतो पण "पोहे" आणि "आजोबा" मराठीत म्हणतो. तूस काढायला माझ्या समोर बसला, मला फार बरं वाटलं.

दुकान शुक्रवारी दुपारीच बंद होतं, थेट रविवारी उघडतं. गुरुवारी संध्याकाळी जा, गर्दी असते पण माल नवीन असतो, आणि खोबऱ्याची दोन पाकिटं घ्या, एक पुरत नाही.