ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरणं : नव्या डिस्क-पॅडचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) नव्या, पॅड (ब्रेक दाबला की तिला आवळणारे) नवे, आणि सहा-सात हजार किलोमीटर झाल्यावर तीच थरथर परत. तुमच्या गाडीला हाच त्रास असेल तर दुसऱ्यांदा पैसे घालायच्या आधी हे वाचा.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. राहतो कोल्हापुरात, सासुरवाडी रत्नागिरीला, त्यामुळे आंबा घाट नेहमीचाच. पहिल्यांदा त्रास सुरू झाला तेव्हा ८०-९० च्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पेडलमधून पायाला ठोके बसायचे. पाय काढला की सगळं शांत. खरं तर निदान इथेच निम्मं होतं. ब्रेक न लावताच ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर टायर, बॅलन्सिंग बघायचं. फक्त ब्रेक लावल्यावरच हलत असेल तर ब्रेकच बघायचे. हे सांगूनही सर्व्हिस सेंटरने आधी अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं बिल माझ्या माथी मारलं. त्याने काडीचा फरक पडला नाही. मग म्हणाले, "डिस्क वाकल्यात सर, बदलाव्या लागतील."

दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड मी बाहेरच्या दुकानातून पाच हजारांच्या आसपास आणले आणि मजुरी देऊन त्याच सेंटरमध्ये बसवून घेतले. पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. पकड चांगली, आवाज नाही, भर पावसातही भरवशाचे. चार तारे द्यायचे असं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

पावसाळा सरता सरता थरथर परत आली. सेंटरचं उत्तर तयारच होतं : बाहेरच्या मालाची आम्ही गॅरंटी देत नाही, कंपनीच्या डिस्क टाका. अकरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. चाक काढून बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. डोकं फिरलं. डिस्कना दोन तारे देऊन मोकळं व्हायचं असंही मनात आलं होतं.

तिथून थेट उद्यमनगर गाठलं. ओळखीच्या मिस्त्रींनी चाक काढलं, डिस्क नटांनी हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) घट्ट आवळली, मॅग्नेटच्या स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला आणि टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं. डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा ०.१४ मिलिमीटर हलला. बहुतेक गाड्यांना ही लचक, म्हणजे फिरताना डिस्कचं बाजूला डुलणं, ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी लागते. मग त्यांनी डिस्कवर आणि हबवर खडूने खूण केली, डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवली आणि पुन्हा मापलं. उंचवटा डिस्कबरोबर सरकला नाही, हबच्या त्याच जागी राहिला. मिस्त्री म्हणाले, "डिस्कला काय धाड भरलीया? हबचं तोंड बघा की."

बघितलं. स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर आवळतात ते बोल्ट) मुळाशी गंजाचे तपकिरी पापुद्रे, नखाने खरवडले तरी निघतील असे, आणि त्यावरच नवी डिस्क आवळलेली. हबपाशी केसाएवढं जरी उचललं गेलं तरी डिस्कच्या कडेला ते जवळपास दुप्पट होतं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब पांढरं स्वच्छ केलं, तीच डिस्क तिथेच बसवली, काटा ०.०३ वर आला. काम दहा-पंधरा मिनिटांचं. नवी डिस्क बसवताना हेच केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि माझा सगळा राग यावर आहे.

मग पहिले काही महिने गाडी ठीक कशी चालली? नवी डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची असते, त्यामुळे ती किंचित तिरकी फिरली तरी कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) सांभाळून घेतो. पण ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला घासत राहते आणि तेवढीच झिजते. काही हजार किलोमीटरमध्ये जाडीत फरक पडतो आणि तोच पायाला जाणवतो. ज्याला आपण 'डिस्क वाकली' म्हणतो, ती बहुतेक वेळा वाकलेली नसते, कमीजास्त जाडीची झालेली असते. मायक्रोमीटरने माझ्या डिस्कमध्ये ०.०३ चा फरक निघाला. हादरे बसायला एवढा पुरतो. दोन्ही डिस्क लेथवर हलका कट मारून सरळ केल्या. त्यावर छापलेल्या किमान जाडीच्या त्या अजून बऱ्याच वर आहेत. डावा कॅलिपर ज्यावर सरकतो ती खालची पिन अडकत होती, ती साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं.

सगळं मिळून हजाराच्या थोडं वर गेलं. कुठे अकरा हजार!

त्यानंतर नवे पॅड बसवल्यावर करतात तशी ब्रेकना सवय करून दिली : मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत बेताने ब्रेक, मध्ये गार व्हायला वेळ, पूर्ण थांबायचं नाही. चाकाचे नट आता टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळून घेतो. पंक्चरवाल्याने नट आवळायची गन हातात घेतली की थांबवतो, कारण कमीजास्त आवळलेले नटही डिस्क तिरकी ओढतात. आणि आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. साखरप्यात थांबलो तर तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून धरत नाही, हँडब्रेक ओढतो. नाहीतर पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटतो.

थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली जाणवत असेल तर मागचे ड्रम तपासून घ्या.

आता १०० च्या वेगाला ब्रेक दाबला तरी स्टिअरिंग स्थिर. म्हणून डिस्कना चार तारेच. एक कापला तो मधल्या भागाला रंग नाही म्हणून, एका पावसाळ्यात तो लालभडक झालाय. सेंटरला एकही नाही. अलाइनमेंटचे पैसे लेखी परत मागितलेत.